मिटलेलं पोवळं

लिकोनीच्या फेरीबोटीच्या रांगेत दोन शेजारणी बोलत होत्या.

“बिशारा, तुमच्या काचेच्या टाकीतलं पोवळं मेलं म्हणे?”

“मला तेच वाटलं गं! आठवडाभर मिटलेलं, अंगावर मेणचट साय. म्हटलं, फेकून द्या, पाणी नासेल.”

“मग?”

“हे म्हणाले, ‘कात टाकतंय ते, हात लावू नकोस.’ फक्त पाण्याचा झोत तिकडे वळवला. लाईट गेली की पंप बंद. मग हेच तासन्‌तास मगाने पाणी हलवत बसायचे.”

“धन्य बाई तुझा नवरा!”

“आज साय गळाली. असं फुललंय, बघतच राहावं!”

“आणि मी... लग्न मोडल्यापासून माझी लेक खोलीत पडून आहे, तर रोज दार बडवते.”

“सलामा, चल, बोट लागली.”

“तू हो पुढे. मी घरी जाते. तिची खिडकी तेवढी उघडून येते.”