तुंब्यातील तीनशे बारा दाणे

जबाब, दि. ११ डिसेंबर, बुद्धाब्द २५६१, सकाळी ९.४०.

नाव : नेंग से-सोंग. वय : ५४ वर्षे. शिक्षण : वाणिज्य पदवी. व्यवसाय : विणकर महिला गटाचा सचिव. राहणार : हुआय नाम येन, प्रांत ताक, थायलंड.

मी कोणी बोलावलेले नसताना ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझी आई ब्लिआ से-ली, वय ८१, हिच्यासह राहतो. आम्ही मोंग या डोंगरी जमातीचे आहोत. कापडासाठी भांग लावण्याचा परवाना आमच्या गावास आहे. बियाणे दरवर्षी सरकारकडून मोहोरबंद पिशवीतून येते. नशेचा अंश वाढू नये म्हणून घरी बी धरण्यास मनाई आहे. गावातील एकतीसही घरांत पिशवीबाहेरचे बियाणे पेरलेले नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर मी ३० जून रोजी सचिव या नात्याने सही केली. त्या दिवशी माझ्याच घरामागे जुन्या बियाण्याची १९ रोपे उभी होती. मला ते माहीत होते.

हे बियाणे माझ्या आजीने लाओसहून नदी ओलांडताना पाठीवरच्या झोळीत, तेव्हा तान्ह्या असलेल्या माझ्या आईच्या पायांशी बांधून आणले होते. पिशवीतल्या बियाण्याचे सूत तुटते असे आईचे म्हणणे आहे. मी तीन वेळा ताण देऊन पाहिले. ते खरे आहे. आमच्यात शेवटच्या प्रवासाला भांगेच्याच सुताचे कपडे घालतात, एरवी पूर्वज ओळखत नाहीत. आईच्या मृत्यूच्या वेळेसाठी लागणारा घागरा अद्याप विणलेला नाही, आणि तिला तो आजीच्याच बियाण्याचा हवा आहे. जुने दाणे मूठभर उरले होते. त्यांतून उगवली ती हीच १९ रोपे. यंदा बी धरले नसते तर ते बियाणे संपले असते.

दि. १८ सप्टेंबर रोजी सकाळी ६ वाजता, फुले उमलण्यापूर्वी, १९ पैकी आठ नर झाडे मी उपटली. नर नसले की बी धरत नाही आणि बी नसले की पुढील वर्षी माझी सही खरी ठरेल, असा माझा विचार होता. झाडांवर रोग पडला होता, असे मी आईस सांगितले. ते खोटे होते. आईने ढिगाकडे पाहिले व म्हणाली, "एका सकाळी अकरा जणींना विधवा केलंस की रे. आणि वर म्हणतोस रोग पडला?"

त्यानंतर चार दिवस ती माझे ताट दाराबाहेर ठेवत असे. जेवण वेळेवर वाढले जात होते.

दि. २२ सप्टेंबर रोजी स्वयंपाकघराच्या खिडकीत मासळीच्या रसाच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून ठेवलेली एक फांदी मला दिसली. ढिगातली ती नर फांदी बाटलीत उमलली होती. खालच्या थाळीत पिवळी पूड पडली होती. धुण्यासाठी मी थाळी उचलली.

आई म्हणाली, "थाळी खाली ठेव, नेंग. तेवढाच एक नवरा उरलाय."

मी थाळी खाली ठेवली. आई ती घेऊन कोंबडीच्या पिसासह मागे गेली व एका मादी झाडाच्या तुऱ्यावर पराग लावू लागली. दोन वेळा पराग जमिनीवर पडला. सबब पीस मी घेतले. त्या दिवसापासून २७ सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी दोन झाडांना पराग मीच लावला. आई पाठीशी उभी राहून सांगत असे, "हळू. सही करत नाहीयेस."

नोव्हेंबरअखेर बी पक्व झाले. दाणे ३१२. आईने ते वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीवर टांगले, म्हणजे धुराने कीड लागत नाही. याबाबत कोणाचीही तक्रार नाही. तरीही मी आलो, कारण येत्या जूनमध्ये मला त्याच कागदावर पुन्हा सही करायची आहे.

उपनिरीक्षक नारुमोन यांनी विचारले, "काका, तक्रार कोणाविरुद्ध लिहू? आजींविरुद्ध?"

मी सांगितले की स्वतःविरुद्ध. आईचे नाव साक्षीदार म्हणून घ्यावे.

बाकावर बसलेली आई त्यावर म्हणाली, "घ्या लिहून, बाई. हा लहानपणी पडला तरी आधी किती वाजले ते बघायचा, मग रडायचा."

उपनिरीक्षकांनी माझ्यासमोर प्रांताच्या बियाणे केंद्रास फोन केला. केंद्राने सांगितले की साठ दाणे लावून, वाढलेल्या रोपांची तपासणी होईल. नशेचा अंश मर्यादेत निघाल्यास गावाचे बियाणे म्हणून नोंद होऊ शकते. निकाल एप्रिलअखेर. पेरणी जूनमध्ये असते. निकालाबाबत मला कोणी हमी दिलेली नाही व मी मागितलेली नाही.

साठ दाणे मोहोरबंद केले. उरलेले २५२ तुंब्यासह ठाण्याच्या ताब्यात दिले. लोखंडी कपाटास आईने हरकत घेतली, दाणे उबून मरतील म्हणून. तुंबा क्रमांकाची चिठ्ठी लावून ठाण्याच्या स्वयंपाकघरात चुलीवर टांगला आहे. आईस तो पाहण्यास दर सोमवारी येण्याची परवानगी मिळाली. तिने गुरुवारही मागून घेतला.

हा मजकूर मला थाई भाषेत वाचून दाखवण्यात आला व मी तो आईस आमच्या भाषेत ऐकवला. "आईच्या मृत्यूच्या वेळेसाठी" या शब्दांना तिने हरकत घेतली. तिच्या सांगण्यावरून जोडण्यात येते की, जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरमध्ये कापणी, मग साल काढणे, सूत कातणे, विणणे, मेणाची नक्षी व निळीचा रंग : "दोन वर्षं मला मरायला सवड नाही, तेवढं लिहायला सांग." तसे लिहिले आहे. उर्वरित मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : नेंग से-सोंग
अंगठा : ब्लिआ से-ली