तेवढं हेल्मेट राहू द्या

— अहो नाही, डॉक्टरबाई, डोकं एकदम ठणठणीत आहे माझं, तुम्ही टॉर्च मारा हवा तर आणखी दोनदा, पण बुबुळं माझी पहिल्यापासूनच अशी आहेत, आईचीही अशीच होती — आज शनिवार. महिने उलटे म्हणून दाखवू? डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर — बघा, घडाघडा. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्यातून सात गेले शहाऐंशी, मग एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट — थांबू? तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो, कारण हे प्रश्न मला पाठ आहेत. आता तीन वस्तू सांगाल, लक्षात ठेवा म्हणाल आणि थोड्या वेळानं परत विचाराल. मागच्या खेपेला चेंडू, झाड आणि किल्ली होतं. मागची खेप म्हणजे — नाही नाही, मी याआधी डोक्यावर पडलेलो नाही. पडलोय पुष्कळदा, पण कुल्ल्यावर. ते दुसऱ्या एका दवाखान्यात होतं, दुसऱ्या माणसाला विचारलेलं, मी आपला शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. ते जाऊ द्या. उद्याच्या शर्यतीला मला सोडता ना, एवढं सांगा.

आणि ते हेल्मेट — ते तिथं टेबलावर ठेवलंत ते बरं केलंत, पण तो तपासणीवाला आला ना, तर त्याच्या हाती देऊ नका. तेवढं हेल्मेट राहू द्या. माहितीये मला नियम, मी काय आज आलोय का या क्लबात, एकदा जमिनीवर आपटलं की हेल्मेट बाद, वरचा स्टिकर खरवडून टाकतात, आतून चिरलेलं दिसत नाही म्हणतात — मान्य, शंभर टक्के मान्य, मी स्वतः नव्या पोरांना हेच सांगत असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण ते फारसं आपटलेलंच नाही हो. घासलंय फक्त. खांदा आपटला, हेल्मेट नुसतं टेकलं. — आई गं! हळू, हळू. हो, तिथंच दुखतंय. दुखणारच, साठी आली, आता काय खारीसारख्या उड्या मारणार. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय उगाच? आठवडाभर मी लोकांच्या स्वयंपाकघरात पालथा पडलेला असतो — फ्रिज दुरुस्त करतो मी, गॅस भर, कॉम्प्रेसर बदल, मागच्या जाळीतली धूळ काढ — आणि वर्षातून चारदा इथं येऊन गाडी पळवतो. पहिला कधी आलो नाही. पण खालून मोजाल तर माझा नंबर कुणी घेतलेला नाही.

कसा पडलो? तेल होतं वळणावर. — वळणावरचा तो झेंडेवाला मार्शल नाही म्हणाला? मग गिअर निसटला असेल. हो, तेच, गिअरच निसटला. आठवत नाही म्हणजे काय, आठवतंय की! सगळं आठवतंय, तुम्हीच म्हणालात ना, पडायच्या आधीचं आठवत नसेल तर सोडणार नाही म्हणून — मग ऐका. सरळ रस्त्यावरून येत होतो. डावीकडे ती बुटकी भिंत. तिथं ज्याचं त्याचं माणूस पाटी घेऊन उभं असतं, तुम्ही बघितलंच असेल, पाटीवर आकडे लावायचे, किती फेऱ्या राहिल्या, पुढचा किती लांब आहे, आणि आपला माणूस आला की पाटी वर करायची. एवढ्या वेगात फक्त तेवढंच दिसतं. माझी पाटी आमची मंडळी धरते. पहिल्या शर्यतीपासून. शिवणाचे क्लास घ्यायची ती, बायकांना ब्लाउज बेतायला शिकवायची, पण वर्षातले ते चार शनिवार-रविवार कुणी आलं तर दाराला कुलूप — आमचे हे पडायला गेलेत, सोबत कुणी नको का, असं शेजारणींना सांगून यायची. गाडीवर बसलो की बोटांनी हेल्मेटवर टकटक करायची आणि म्हणायची, जपून जा, उगाच जिंकू-बिंकू नका. हा पिवळा रंग तिचाच. गर्दीत मला लांबून दिसायला हवं म्हणाली. सगळ्यांची हेल्मेटं काळी-निळी-लाल, वाघ काय, कवट्या काय — आणि माझं हे असं लिंबासारखं. हसायची पोरं. हसू देत.

तर भिंतीपाशी आलो आणि पुढं वळण आहे तिथं ब्रेकला जरा उशीर झाला. एवढंच. पुढच्याच्या चाकाकडे बघत राहिलो. — काय म्हणाला मार्शल? मी मागं बघत होतो? मार्शलला काय, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय — शर्यतीत मागं कुणी बघतं का हो? पहिला धडा असतो तो. मागं बघितलं की संपलं.

आता तो कागद बाजूला ठेवता का जरा? नाही, तुम्ही लिहायला लागलात की मला कसंतरी होतं. त्या दवाखान्यातही असंच. डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि ही माझ्याकडे बघत होती, म्हणजे मी हळूच सांगावं म्हणून, शाळेत शेजारच्याकडे बघतात तसं. वार कोणता? माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले — काय करणार, राहवलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. आणि मग बाहेरच्या बाकावर बसून मी एकटाच सातसात वजा करत बसलो. ब्लाउजची मापं पाव-पाव इंचासकट तोंडपाठ असायची तिला. कुणाच्या दंडाचा घेर विचारा, सांगायची. आणि त्र्याण्णववरच अडली.

नाही हो, वेडी नाहीये. विसरते. आधी गॅस, मग रस्ता, मग तिची बहीण — म्हणजे माझी मेव्हणी, आत्ता तिच्यापाशी आहे ती, तिलाच विचारते, तुमचं माहेर कुठलं हो. सगळं सहन झालं. पण एक दिवस दुपारी मी ओट्यापाशी चहा करत होतो आणि ही दारात येऊन उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, आपण कोणाकडे आलात? हे घरी नाहीयेत. इतकं अदबीनं म्हणाली हो! भांडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, असं काय करतेस, मीच तो. तर घाबरली. भिंतीला टेकली. मग मी खाली गेलो, गाडीपाशी, करणार काय — बसलो गाडीवर आणि उगाच हे डोक्यात घातलं. रडायचं होतं म्हणा ना. आत कुणाला दिसत नाही. आणि ही आली जिना उतरून, थेट माझ्यापाशी, आणि हेल्मेटवर टकटक केलं. म्हणाली, कुठं गेला होता इतका वेळ? कोण एक माणूस आला होता तुमच्याकडे, चहा करत बसला होता मेला.

हसा, हसा तुम्ही. मीही हसलो होतो. तेव्हापासून घरात हेल्मेट घालून वावरतो मी, डॉक्टरबाई. हेल्मेट घालून भाजी चिरलीये, हेल्मेट घालून कपडे वाळत घातलेत, एकदा कुरिअरवाला आला तर दार उघडल्याबरोबर दोन पावलं मागं सरकला बिचारा. उन्हाळ्यात डोक्याला पुरळ उठलं. पण ती बोलते ना माझ्याशी! सगळं बोलते. काच वर करून बोललो तरी चालतं, फक्त काढायचं नाही. जेवताना काढावंच लागतं. मग तेवढा वेळ मी परका. ती समोर बसून परक्या माणसाला वाढावं तसं वाढते, आणखी घ्या ना, लाजू नका म्हणते, आणि मी खाली मान घालून गपागप चार घास गिळतो आणि परत डोक्यात घालतो. म्हणून म्हणतोय, तेवढं राहू द्या. क्लबानं स्टिकर काढावा, मला बंदी घालावी, पण हे घेऊन जाऊ नये. नवं घ्या म्हणाल तर — घेईन हो, पिवळं रंगवूनही घेईन. प्रश्न तो नाही. आजपर्यंत नव्हता.

आज काय झालं — तेच तर. चांगलं चाललं होतं सगळं. मेव्हणी म्हणत होती, भाऊजी, नका आणू तिला, एवढा आवाज, एवढी माणसं. मी म्हटलं, अगं, तिथंच तर ती बरी असते. आणि होतीच. भिंतीपाशी उभं केल्याबरोबर पाटी मागून घेतली. आकडे चुकीचे लावले, सात फेऱ्यांच्या शर्यतीत नव्वद लावले — लावू दे, मला काय आकड्यांशी घेणं. पहिल्या फेरीला आलो, पाटी वर. दुसरीला, वर. अहो, मी शर्यत कुठं करत होतो, मी नुसता त्या भिंतीपुरता येत होतो. प्रत्येक फेरीला एकदा माझी बायको मला ओळखते, एवढ्यासाठी गाडी, टायर, पेट्रोल, सगळा खटाटोप. मग तिथं एक नवीन पोरगा आहे, यंदाच आलाय, चांगला चालवतो, त्यानं मागच्या वळणावर मला गाठलं आणि पुढं गेला. जाऊ दिलं मी. आणि सरळ रस्त्याला लागल्यावर दिसलं, त्याचंही पिवळं. सकाळपासून कसं नाही दिसलं? नाही दिसलं. तो पुढं, मी लगेच मागं. पाटी वर गेली. आणि हसली ती. तोंडभर हसली — किती दिवसांत मी तसं हसताना बघितलं नव्हतं तिला. मी सवयीनं हात उचलला. तेवढ्यात पाटी खाली. आणि मी तिच्या पुढ्यातून गेलो, डॉक्टरबाई, या टेबलाइतक्या अंतरावरून, आणि ती त्या पोराच्या पाठीकडे मान वळवून बघत होती. म्हणून मी वळवली. बघू तरी म्हटलं, आता तरी बघते का.

चूक होते हो. दोन पिवळी एकापाठोपाठ, एवढ्या वेगात, तुमचीही चूक झाली असती, डोळस माणसांची होते. पण मग दोन आली तर दोनदा उचलायची ना? एकदाच उचलली. मग इतके महिने मी घरात घालून फिरतोय ते कशाला? मला ओळखत होती का लिंबाच्या रंगाला? म्हणून मला उद्या सोडा. त्या पोराच्या पाया पडतो, म्हणतो, बाबा, एक दिवस काळी टेप लाव तुझ्या हेल्मेटला. मग उद्या एकटं माझंच पिवळं. पाटी वर झाली, नीट माझ्याकडे बघून झाली, तर झालं. परत गाडीवर बसणार नाही, कानाला खडा. आणि नाहीच सोडलंत — अहो, तुम्ही मान हलवताय. खांदा मोडलाय? मोडू द्या! पुढच्या शर्यतीपर्यंत ती पाटी तरी धरू शकेल का, कुणी सांगावं? मग मला कधी कळणारच नाही, बाई. इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी तिनं मला ओळखलं होतं की नाही, एवढंसुद्धा कळणार नाही. आज शर्यत कुणी जिंकली ते मला माहीत नाही आणि मला त्याचं काही —

कोण आहे दारात? आली वाटतं. मेव्हणीला म्हटलं होतं, बाहेर बसव तिला. — नको, ते हेल्मेट नका देऊ मला. हात वर जात नाही, आणि — राहू दे. नको. बघू.

या ना. या, आत या, पायरी आहे तिथं, सांभाळून. — त्या टेबलाकडे गेलात होय. हो, पिवळं हेल्मेट. त्यांचंच ते. — नाही, नाही, घाबरू नका, रिकामं आहे म्हणजे तसं काही नाही, काढून ठेवलंय फक्त. — डॉक्टरबाई, तुम्ही काही बोलू नका. — मी? मी इथलाच, मीही पडलोय आज. ओळखतो ना त्यांना, चांगले ओळखतो. — कशाला रडता? काही झालेलं नाही हो त्यांना. चालत गेले इथून, गाडी आणायला. तुमचीच चौकशी करत होते मघापासून. — जिंकले? नाही, जिंकले नाहीत. तुम्ही नको म्हणाला होतात ना. — बसा. इथं बसा, या खुर्चीवर. येतील इतक्यात.