उतरवायची घाई नाही

...आणि हे जे मी तुमच्यासमोर वाचतोय ना, ते माझं मीच लिहिलंय, तेव्हा शुद्धलेखन बघू नका, शब्दही साधेच आहेत, शाळा माझी आठवीत सुटली. पण मला सांगा, बाप खाटेवर, उशाशी मशीन बीपी एकशेनव्वद दाखवतंय, आणि डॉक्टरबाई म्हणतात असू दे... कुणाला पटेल?

तर झालं असं, आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात, मी त्यांच्याच दुकानात पट्टे बदलतो. बोलायचं काम त्यांचं, मान हलवायचं माझं. गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं की मी पट्ट्याकडेच बघत बसतो, असला मी. आणि एके सकाळी बाबा उठले ते उजवा हात लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. दवाखान्यात नेलं, तर मेंदूच्या नळीत गुठळी. झोपेत कधी अडकली ते ठाऊक नाही, म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शनही देता येईना. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. मलाच का? कारण बाकीचे सगळे एकदम बोलत होते! म्हणाल्या, "बंद नळीच्या आसपासच्या भागाला कसंबसं रक्त पोचतंय ते ह्या वाढलेल्या दाबामुळेच. एकदम खाली आणला तर तो भागही उपाशी मरेल आणि हात कायमचा जाईल. फारच वर गेला तर मी आहे. तोवर उतरवायची घाई नाही. आणि गिळता येतंय का ते बघेपर्यंत तोंडातून पाण्याचा थेंबही नाही."

म्हणजे हात राहणार की जाणार ते आमच्या धीरावर. आणि धीर? आमच्या घरात?

मामा आले. मशीन बघून घाम त्यांनाच फुटला. "अरे, माझ्या साडूला एकशेसत्तरला चक्कर आली होती!" मी म्हटलं, मामा, उतरवायची घाई नाही. तर म्हणे, तुला कधीपासून अक्कल आली? मग आत्या. तिने मशीनवर टॉवेल टाकला, का तर दादाला दिसायला नको. सिस्टरने तो काढला, तर आत्या तोच स्वतःच्या तोंडावर घेऊन बसली. आणि बाबा... तुम्हाला सांगतो, दुकानातली घड्याळं मागेपुढे होतील, पण त्यांची बीपीची गोळी इतक्या वर्षांत कधी चुकली नाही. ते डाव्या हाताने सारखी खूण करतायत, गोळी दे. डोळ्यांत पाणी. बापाने मागावं आणि मुलाने नाही म्हणावं... कसं म्हणायचं, सांगा ना? म्हटलं, बाबा, उतरवायची घाई नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर मामा रुमालातून गोळी सोडवतायत आणि आत्या दाराकडे पाठ करून भांड्यात पाणी ओततेय. "अर्धीच देतो रे, अर्धीने काय होतंय?" एरवी मी पट्ट्याकडे बघितलं असतं. पण मी मामांचं मनगट धरलं. मामांचं! ज्यांच्यासमोर मी आजवर खुर्चीवर टेकलो नाही!

"हात आहे तो, मामा," मी म्हणालो, "घड्याळाचा काटा नाही, मोडला की नवा बसवला. उतरवायची घाई नाही."

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले, इतका आवाज. मामांनी गोळी खिशात टाकली. मग मी स्टूल ओढून खाटेला लागून बसलो आणि सगळ्यांकडून ते वाक्य वदवून घेतलं, पाढे घोकून घेतात तसं. आजोबा तर आपणहून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी चमच्याने पाणी पाजून गिळणं तपासलं, खूश झाल्या, म्हणाल्या, अवघड वेळ निघून गेली, आता गोळी सुरू करू, हळूहळू. मी गोळी घेऊन निघालो, तर मामा आडवे! "उतरवायची घाई नाही." आत्या म्हणते, काल आमच्यावर खेकसलास आणि आज स्वतःच? आजोबांनी पलीकडून री ओढली. मी मामांच्या काखेखालून वाकून बाबांपर्यंत पोचलो, तर बाबांनी माझा हात बाजूला सारला आणि जड जिभेने म्हणाले, "घाई... नाही."

मी कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र हसत होती. "अरे, कुठल्या हाताने सारला ते बघितलंस का?"

उजव्या... बोटं जेमतेम उचललेली, पण उजव्या.

मग काय करता? पुन्हा स्टूल ओढलं, त्याच हाताच्या तळव्यावर गोळी ठेवली आणि पहिल्यापासून समजवायला बसलो... आता बीपी उतरवायचं आहे, बाबा. घाई नाही, पण उतरवायचं आहे.