खडकावर कुणी असताना

—शिवी? छे, शिवी कसली. बस इथे सावलीला, सांगते. त्या ट्रकमधल्या पोरांनी तुला हाओले म्हटलं ते तू गाडी त्यांच्या वाटेत लावलीस म्हणून. हाओले म्हणजे परका, बाहेरचा—आता म्हणजे गोरा, एवढंच. पूर्वी बाहेरून आणलेल्या डुकरालाही म्हणायचे. काही जण सांगतात, हाओले म्हणजे ज्याला श्वास नाही तो, कारण तुमची माणसं भेटल्यावर नाकाला नाक लावून श्वास घेत नाहीत—शाळेतले मास्तर म्हणतात, तसं काही नाही. मला विचारशील तर कोण म्हणतं नि कसल्या तोंडानं म्हणतं, त्यावर सगळं आहे. मी माझ्या जावयालाही म्हणते की. लाडानं. म्हणजे—बहुतेक वेळा लाडानं.

तो बघ, तिकडे काळ्या खडकावर, निळा सदरा—तोच आमचा हाओले. टॉड. ओपिही काढतोय, खडकाला चिकटलेली शिंपली, सुरीनं उचकटावी लागतात. उद्या घरी जेवण आहे ना, त्यासाठी. वाईट नाही हो तो. पोई, आमची अळूच्या कंदाची लापशी, बोटांनी चाटूनपुसून खातो. आमची भाषा वर्गात जाऊन शिकला, आता माझ्याच चुका काढतो—‘टूटू’—म्हणजे आजी—‘तो शब्द असा नाही.’ मला सांगतो, मला! पण समुद्राकडे पाठ करतो. बघ, बघ, आताही वळून मला हात करतोय. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा लाटेकडे पाठ करत नाही.

अंहं, हात मागे घे. त्या वाडग्यातलं आता नाही खायचं. सकाळी त्यानंच आणलेली ओपिही आहेत, मीठ लावून ठेवलीत, पण खडकावर कुणी असताना किनाऱ्यावरच्यानं खायची नाहीत. समुद्र खवळतो. काढणाऱ्याला ओढून नेतो. माझ्या आजीचा भाऊ तसाच गेला, तिच्या डोळ्यांदेखत. टॉड हसतो या गोष्टीला, पण पाळतो. थांब, फडकं टाकते वरून, माश्या बसतात.

जेवण कसलं म्हणतोस? निरोपाचं. जातायत ना सगळे, त्याच्या आईकडे, यूटाला. तिथं समुद्रच नाही म्हणे. माझी लेक, लेईमोमी, रडते नि सामान बांधते, बांधते नि रडते—आणि कानोए, माझी नात, ती माझ्या नाकाला नाक लावल्याशिवाय झोपत नाही. तिकडे काय करायचं तिनं? फोनच्या काचेला नाक लावायचं का मी? तो नसता तर दोघी राहिल्या असत्या इथेच. म्हणजे—त्यानं जायचं काढलं नसतं तर, असं म्हणायचंय मला. तसं बघू नकोस माझ्याकडे.

वारा फिरला वाटतं. हो, लाट मोठी आहे जरा, दुपारी होतेच. तुला भूक लागलीय ना? लांबून आलायस. आजीनं सांगितलं ते आम्हाला, आमच्या माणसांना. हाओलेनं खाल्लं तर समुद्र ते धरतो की नाही, तिनं काही सांगितलं नव्हतं. आणि तुझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर? मी खा म्हणत नाही हं. मी फडकं काढलंय ते वाळू झटकायला.

...गोड लागतं ना? मीठ जरा जास्त झालंय. घे, अजून एक घे.

बस. आता ऊठ, गाडी काढ तुझी. तिकडे नको बघू. हाकही मारू नकोस, या वाऱ्यात त्याला ऐकू जायची नाही. आणि लेईमोमीनं विचारलंच, खडकावर माणूस असताना कुणी खाल्लं, तर मी सांगेन तिला—एक हाओले आला होता. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं.

जा म्हटलं ना.