बर्फाच्या गाडीची पाटी

—नाही, बाकी सगळं ठीक आहे, पण ही शेवटची ओळ खोडा. पुन्हा वाचा बघू, माझा चष्मा कुठं गेलाय कोण जाणे... हां. ‘चालकाने चाकामागे ठोकळा न लावल्याने गाडी उतारावरून मागे गेली व छत्र्या दुरुस्त करणारा एक इसम ठार झाला.’ हीच ती. ही काढून टाका. गाडी कुठल्या सालची, इंजिन किती ताकदीचं, बर्फाच्या कारखान्यानं किती वर्षं वापरली — ते ठेवा की. लोक तुमच्या संग्रहालयात जुन्या गाड्या बघायला येणार. कोण कसा मेला ते वाचायला थोडेच येणार? — तेच वाचायला येतात? असेल बाबा. मग असं करा, लिहा की हँडब्रेक कामातून गेला होता. ते तर खरंच आहे, आणि मालक केव्हाच वर गेला, कोण येतंय भांडायला?

बसा हो, बसा. ते स्टूल डुगडुगतंय, भिंतीला लावून घ्या. फोटो दाखवा परत. काय नटवलीय हो! अशी तर ती नवी होती तेव्हाही नव्हती. आणि शेजारी ही पावाची गाडी, ती दुधाची — सगळ्या गोळा केल्यात की भंगारातून, एवढी माया माणसांवर केली असती तर... जाऊ द्या, थट्टा केली. पण दारावरचं हे अस्वल चुकलंय तुमचं. फार सुंदर काढलंय. आमच्या पेंटरनं जन्मात पांढरं अस्वल बघितलं नव्हतं. मालक म्हणाला, अस्वल काढ, यानं शेजारचा कुत्रा डोळ्यांपुढं ठेवून काढलं, झुपकेदार शेपटीसकट. सगळा बाजार आम्हाला कुत्राछाप म्हणायचा. ‘आले का कुत्राछाप? टाका इकडं दोन लाद्या!’ मासळी बाजार, मग इस्पितळाचं मागचं दार — तिथं कशाला लागतो बर्फ ते विचारू नका — आणि शेवटी चढावरचं हॉटेल. एकेक लादी माणसाच्या वजनाची. भुसा झटकायचा, आकडा रुतवायचा, पाठीवर गोणपाट टाकून उचलायची. ही बोटं बघा, या दोन बोटांची नखं परत आलीच नाहीत. आज कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणतात, आजोबा, फ्रीज नव्हता का?

काय विचारत होतात? उस्ताद. हो, ड्रायव्हरला आम्ही उस्तादच म्हणायचो. मालकसुद्धा. शिस्तीचा माणूस — आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या ओळीत नेमकं हेच उलटं लिहिलंय. ती गाडी बंद केली की परत चालू करायला पुढून हँडल मारून मारून छातीचा भाता व्हायचा. म्हणून दर थांब्यावर इंजिन चालूच ठेवायचं. म्हणजे गिअर काढलेला, आणि हँडब्रेक तर नुसता नावाला, ओढला काय नि सोडला काय. उस्तादनं मालकाला किती वेळा सांगितलं! मालक म्हणायचा, ‘अरे, लाकडाचा ठोकळा दिलाय ना? त्याला तेलपाणी लागत नाही.’ झालं. म्हणून उस्तादचा नियम होता. गाडी थांबली की पाय ब्रेकवर दाबूनच ठेवायचा आणि ओरडायचा, ‘ठोकळा?’ मागून मी उतरायचो, ठोकळा चाकामागे सारायचो आणि ओरडायचो, ‘लागला!’ तो शब्द ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आरशात मागचं चाक दिसायचंच नाही हो, फळ्यांची बॉडी आडवी यायची. पाऊस असो, मागं दहा गाड्या भोंगे वाजवत असोत — ‘ठोकळा?’ — ‘लागला!’ अकरा वर्षं. आणि तुम्ही लिहिताय, चालकाने ठोकळा न लावल्याने. त्याचं काम लावणं नव्हतंच मुळी, विचारणं होतं!

—मग लावायचं काम कुणाचं? सांगितलं ना. माझं.

मग ठोकळा पोलिसांना सापडला का नाही म्हणजे? सापडणार कसा, तो इस्पितळाच्या फाटकापाशी राहिला होता. घाई होती, लादी निसटून पायावर पडता पडता वाचली, त्या गडबडीत मी वर चढलो आणि ठोकळा तिथंच. चढावर आल्यावर हात घातला तर जागा रिकामी. उस्ताद पुढून ओरडतोय, ‘ठोकळा?’ आता काय सांगायचं? विसरलो म्हटलं असतं तर त्यानं गाडी उलटी फिरवली असती, परत इस्पितळापर्यंत. तसाच होता तो. वर दिवसभर बोलणी, ‘गड्या, डोकं घरी ठेवून येतोस काय?’ मग मी आपलं... तुम्हाला वाटतं तसं नाही, ते मी आधीही तीनदा केलं होतं. लादीचा कोपरा फोडायचा, चांगला मोठा, खाली भुसा टाकायचा आणि तो चाकामागे सारायचा. धरतो हो! दहा मिनिटं मजेत धरतो. दहा मिनिटांत माझं उतरवून व्हायचं. आणि ओरडलो, ‘लागला!’

पण त्या दिवशी हॉटेलचा खानसामा भांडायला उठला. लादी बारीक आहे म्हणे, काल यापेक्षा जाड होती. काल तुझी बायको पण बारीक होती, म्हटलं मी — असंच चालायचं आमचं — पण तो पेटलाच. उस्ताद उतरून समजूत घालायला आत गेला. मीही आत, मजा बघत. ऊन असं तापलेलं, आणि मी तिथं उभा राहून हसतोय. वीस मिनिटं गेली असतील. उताराच्या पायथ्याशी भिंतीला टेकून तो छत्रीवाला बसायचा. बिचारा रोज बर्फाचा खडा मागायचा, दुखऱ्या दाढेवर धरायला. त्या दिवशीही घेतला होता माझ्याकडून. एका हातानं गाल दाबलेला, पुढ्यात मोठी काळी छत्री उघडून तिची काडी बघत होता — समोरून काय येतंय ते दिसलंच नाही त्याला. गाडी मागं येताना फार आवाज करत नाही हो. मी दारात आलो तेव्हा ती निम्म्या उतारावर होती. ओरडलो का? ओरडलो असेन. कुणी ऐकल्याचं मात्र कुणी सांगितलं नाही.

पोलीस आले, चाकं बघितली, रस्ता बघितला. चढावर फक्त ओल होती. बर्फाच्या गाडीखाली ओल असणारच, त्यात कोण काय बघतंय? ठोकळा नाही म्हणजे लावलाच नव्हता. मालकाचा तर सुंठीवाचून खोकला गेला, हँडब्रेकचं नावच निघालं नाही. त्यानं मला साक्षीच्या आदल्या दिवशी बोलावलं होतं. म्हणाला, ‘ब्रेकचा शब्द काढलास तर कारखान्याला कुलूप लागेल, चाळीस घरं उपाशी मरतील. आणि ठोकळा लावणं कुणाचं काम होतं, हेही विचारतील बरं का.’ हुशार माणूस. काही माहीत नसताना नेमकं तिथंच बोट ठेवलं. माझी बायको तेव्हा पोटुशी. हातावर पोट. तुम्ही काय केलं असतंत? — नाही, सांगू नका. शिकलेली माणसं पटकन सांगतात.

विचारलं ना मला! कोर्टात, सगळ्यांपुढं. उस्ताद आधीच सांगून बसला होता की मी विचारलं आणि मागून ‘लागला’ असं उत्तर आलं. मग मला विचारलं, चालकानं ठोकळ्याचं विचारलं होतं का? मी म्हणालो, ‘नाही.’ एवढंच. उस्तादनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो वाट बघत होता हो. ठोकळा म्हणून ओरडल्यावर मागून आवाज येईपर्यंत थांबायचा ना, अगदी तसा.

दोन वर्षं आत. बाहेर आल्यावर स्टिअरिंगला कुणी हात लावू दिला नाही, दुसऱ्यांच्या गाड्या धुवायचा डेपोत. एकदा रस्त्यात समोर आला, मीच फुटपाथ बदलला. तिथंच, गाड्या धुता धुता गेला एक दिवस. आणि आता त्याची मुलगी रविवारी येणार म्हणता. शाळेत शिकवते, नाही का? बापाची गाडी बघायला येणार, आणि ही पाटी वाचणार. म्हणून म्हणतो, ओळ खोडा. माणसात थोडी तरी लाज...

हे काय काढलंत? कागद कशाला? — माझा जबाब? लिहून, खाली सही? पुराव्याशिवाय ओळ बदलता येत नाही, कोर्टाचा निकाल आहे... ते ठीक आहे, पण माझं नाव कशाला त्यात? ‘एका कामगाराच्या म्हणण्यानुसार’ असं लिहा की. चालत नाही? आणि मग पाटीवर काय येणार — कुणाचं नाव येणार? माझा मुलगा याच रस्त्यावर दुकान चालवतो हो. नात त्याच शाळेत जाते. त्याच बाईंकडे. रोज सकाळी मी सोडतो तिला. बाई दारात उभ्या असतात, ‘काका, बरं आहे ना?’ विचारतात मला. मला!

ठेवा तो कागद. आत ठेवा म्हणतो ना! बर्फ? कोण म्हणालं बर्फ? लाकडाचा होता ठोकळा, साध्या लाकडाचा. म्हातारं माणूस बडबडतं, तुम्ही लगेच खरं धरून बसलात. त्या दिवशी मी कामावर नव्हतोच मुळी. ताप होता मला. कारखान्यात कुणालाही विचारा — कोण उरलंय, पण विचारा. उठा आता, सून यायची वेळ झाली. त्या बाईंना काही सांगाल तर बघा, मी कानांवर हात ठेवीन, आणि ते मला जमतं. ओळ असू द्या तशीच. छापलीय ना एकदा? मग झालं. आणि रविवारी मला बोलावू नका, गुडघे धरलेत माझे.

दार ओढून घ्या. जोरात ओढा, आपोआप लागत नाही ते.