एकांताचं गाऱ्हाणं

...आणि वर मलाच विचारतात, "काय गुरुदास, तंबूत झोप कशी लागली?" अरे, झोप? कानात वाळू, डोक्याशी सुदेशचे पाय, पोटात कोंबड्याची अळणी सागोती, आणि म्हणे झोप! बरं, तंबू माझा नाही, हौस माझी नाही, हौसेनं वाळूत जाऊन झोपायचं आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. तरी गेलो. का गेलो? तर सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझा मुलगा ओंकार, पुण्याला नोकरीला, त्याचं लग्न झालं. सून रिया, सावंतवाडीची. तिच्या माहेरी माणसं तीन आणि मांजर एक, आणि ते मांजरसुद्धा म्हणे विचारून आत येतं! आणि आमच्याकडे? लग्न होऊन आठवडा उलटला तरी एक पाहुणा हलायचं नाव घेईल तर शपथ. बायका माजघरात, बाप्ये पडवीत, आणि नवी नवरी झोपते कुठे, तर आमच्या काशीबाईच्या शेजारी! काशीबाई म्हणजे माझी आत्या. घरात चालतं ते तिचं, आणि घोरायला लागली की कौलं सरकतात. एकदा मी मागच्या दारी हात धुतोय, तर विहिरीकडून सुनेचा आवाज... "ओंकार, माझं लग्न तुझ्याशी झालंय की आजींशी? आठवडाभरात आपण काय बोललो? 'भाजी वाढू?' आणि 'पुरे.' मी उद्या बॅग भरते आणि आईकडे जाते!"

तुम्हाला सांगतो, हातातला साबण पडला माझ्या. वाडी काय म्हणेल ते एक वेळ सोडा, वाडी काहीही म्हणते. पण पोराचं तोंड बघवेना हो. इतकंसं झालं होतं. मी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "बाबा, पुण्याहून तंबू आणलाय. खाडीच्या तोंडावरच्या जुव्यावर एक रात्र आम्ही दोघंच जातो." जुवा म्हणजे आमचं खाडीतलं बेट. एका अंगाला समुद्र, पांढरी वाळू, चार सुरूची झाडं, माणूस नाही. म्हटलं, जा रे बाबा. कुणाला कळणार नाही, माझ्यावर सोड.

माझ्यावर सोड! इथेच घात झाला. कारण जुव्याला राखणदार आहे, त्या जागेचा देव. आता मी कट्टा गावच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकाकडून फोनवर पैसे घेतो, सगळं खरं. पण राखणदाराच्या जागेत रात्र काढायची आणि त्याला सांगायचं नाही? एक नारळ ठेवू, गाऱ्हाणं घालू, म्हणजे देवापुढे मोठ्यानं मागणं मांडू, आपण परत येऊ, पोरं राहतील. म्हणून गेलो भाईकडे. भाई आमचा मानकरी, गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. अगदी कानात सांगितलं त्याच्या. तर भाई म्हणतो कसा, "गाऱ्हाणा मी घालतंय, पण 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो? तू एकटो? एकट्याचा देवाक ऐकाक तरी जाताला काय?"

झालं! म्हणून शेजारचा सुदेश घेतला. सुदेशला घेतलं म्हणजे त्याच्या खालच्या घराला सांगायला हवं, नाहीतर ते पुढल्या शिमग्यापर्यंत फुगून बसणार. खालच्या घराला सांगितलं तर वरच्यांनी काय घोडं मारलंय? मग कोण म्हणालं, राखणदाराला नुसता नारळ? कोंबा नको? कोंबडा आला म्हणजे सागोती आली, सागोती आली म्हणजे वडे आले, वडे आले म्हणजे बायका आल्या, आणि बायका जाणार म्हटल्यावर काशीबाई मागे राहील होय? ती सगळ्यांच्या आधी होडीत बसली, मांडीवर गाठोडं घेऊन! सत्यवान होडीवाला फेऱ्या मारून मारून दमला बिचारा. शेवटच्या फेरीत माझं घर कुलूप घालून आलं. पाहुण्यांसकट! जुव्यावर माणसाला एकांत मिळावा म्हणून अख्खी वाडी हजर. मी काय बोलणार? व्हय म्हाराजा!

आणि मग ते गाऱ्हाणं... अहो, काय सांगू! पोरांनी कोपऱ्यात इवलासा तंबू लावलेला, रिया डोक्यावर पदर घेऊन लालबुंद, आणि भाईनं नारळ हातात घेऊन असा काही सूर लावला की पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकायला लागले. "बा राखणदारा म्हाराजाऽऽ! ह्या गुरुदासाचो झील आणि तेची नवी न्हवरी तुज्या पायाकडे इली हत, म्हाराजा!" सगळे, "व्हय म्हाराजा!" "तेंका एक रात एकांत व्हयो असा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेंच्या मदी जो कोण कडमडत असात, तेका तेंच्यापासून लांब ठेव रे, म्हाराजा!" आणि जे जे कडमडत होते ते सगळे, माझ्या घरातले पाहुणे, सुदेश, मी, काशीबाई, हात जोडून, एका आवाजात, बेंबीच्या देठापासून... "व्हय म्हाराजा!"

आता तुम्ही म्हणाल, इतकं मनापासून म्हटल्यावर मंडळी निघाली असतील. निघतायत कसली! सागोती शिजायची होती ना. ओंकार समुद्राकडे तोंड करून उभा. रिया तंबूत शिरली तर तंबूत आधीच कोणाचं तरी पोर झोपवलेलं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं. बॅग हातातून खाली ठेवली नाही तिनं. मला इतकं वाईट वाटलं, खरंच सांगतो, पण करणार काय?

तेवढ्यात काशीबाई ओरडली, "अगो बाय माझे! मीठ रवला गो घराक!" मीठ नाही! झाला की गोंधळ. "कोण जाता?" तर सगळ्यांची गुडघेदुखी एकदम उपटली. काशीबाईनं फर्मान काढलं, "ओंकार, जा तू. आणि सुनेक घेवन जा. मीठ खंय ठेयलला ता तेकाच म्हायत." मी म्हटलं, आत्ये, त्या पोरीला कशाला? तर म्हणते, "तू गप रव." नवी नवरी, स्वतःच्या एकांताच्या रात्री, गावजेवणाचं मीठ आणायला! गेली बिचारी होडीतून. आम्ही बसलो वाट बघत.

बसलो... बसलो... आणि पाणी उतरलं! ओहोटी हो! पलीकडच्या काठाला होडी चिखलात रुतून बसली. इथे दर्यावर्दी घराण्यातली इतकी माणसं, एकालाही भरती-ओहोटीची आठवण नाही, सगळ्यांचं लक्ष टोपात. सुरूच्या झाडाखाली उभं राहिलं की जरा रेंज येते, तिथे माझा फोन वाजला. ओंकार. "बाबा, मीठ गावला. पण होडी आता पहाटेच्या भरतीशिवाय हलाची नाय असा सत्यवानकाका म्हणता." मागून सुनेचं हसू ऐकू आलं. आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं हो मी ते.

मग इकडे काय? सुदेशला अक्कल सुचली, "अरे, मीठ कित्याक व्हया? भोवताली खारा पाणी कमी असा?" आणि ओतला तांब्याभर खाडीचा माल एका टोपात! तो टोप माशांनीसुद्धा खाल्ला नसता. दुसरा अळणी खाल्ला. मग तंबूत मी, सुदेश आणि ते कुणाचं तरी पोर. बाकीचे वाळूत. डास म्हणाल तर तेही सहकुटुंब आलेले.

सकाळी होडी आली. आवरताना काशीबाईनं गाठोडं झटकलं, तर त्यातून काय पडावं? मिठाची पिशवी! न फोडलेली! म्हटलं, आत्ये! मी अळणी सागोती खाल्ली गो! ती पिशवी शांतपणे उचलून म्हणते, "मगे? गाऱ्हाणा घातलंस मरे तू? राखणदार काय सोताचे हातपाय घेवन येतलो?"

घरी आलो तर दोघं पायरीवर बसून चहा पितायत. सुनेची बॅग उघडी, कपडे दोरीवर वाळत. म्हटलं, चला, मिटलं. गंगेत घोडं न्हालं. माझी एक रात्र गेली, जाऊ दे.

कसलं मिटतंय! मागून भाई आला. "गुरुदास, राखणदारान गाऱ्हाणा ऐकल्यान हां! आता फेड करूक व्हयी. पुढल्या वर्सा सगळ्यांनी जुव्यार जावचा, रात थंयच काढूची, आणि तंबूत यजमानानच निजाचा!" मी म्हटलं, अरे, निदान मला विचारा... तर अंगणातून अख्खी वाडी, सुदेश, पाहुणे, काशीबाई, आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात मोठ्यानं माझी सून...

"व्हय म्हाराजा!"