हिरूमामांची राखण

मंडळी, आज बंदरावरून एकही होडी सुटलेली नाही. सगळे इथे आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. छापखान्यात मी दुसऱ्यांचे शब्द जुळवतो. आज स्वतःचे लिहून आणलेत. मध्येच अडखळलो तर उठून जाऊ नका. मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

हिरूमामांना आपण पोचवून आलो. त्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. एक गोष्ट मात्र कुणी काढली नाही. ती सगळ्यांना आठवते, म्हणूनच काढली नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. पावसाळ्यात या गावची मासेमारी बंद असते आणि बंदरावरच्या चिंचेवर बगळे घरटी करतात. नारळी पुनवेपर्यंत चिंचेखाली कुणी जायचं नाही. लांब बसून जाळी विणायची आणि झाडावर नजर ठेवायची. ही राखण. ती हिरूमामांकडे होती, म्हणून पुनवेला खाडीला पहिला नारळ तेच द्यायचे.

सहा वर्षांपूर्वी रस्त्यासाठी चिंच तोडायचं ठरलं. ती वाचवायला कल्याणच्या कचेरीत अर्ज द्यायचा होता. तो लिहायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी डोंबिवलीचा, नववी नापास, तरी सोपवलंत. अर्जात घरटी किती ते हवं होतं. मामा होडीतून लांबूनच मोजायचे. म्हणायचे, "एक आला, एक उठला, ते एक घर. जवल जाव नको. मानूस खाली गेला का बगला उठतो, नि कावला वाटच बघत असतो."

मी तसंच मोजलं. दुसऱ्या दिवशी आकडा तीनाने चुकला. मंडळी, मला चुकलेला आकडा सहन होत नाही. भर दुपारी, मामा जेवायला गेलेले असताना, मी बांबूला आरसा बांधून चिंचेखाली गेलो. एकेक घरटं आरशात पाहिलं. पुन्हा मोजलं. आणि पुन्हा.

बगळे उठले. परत बसेनात. कावळे आले. मी ओरडलो, बांबू फिरवला, तसे उरलेले बगळेही उठले. मामा धावत आले तेव्हा माझ्या पायाशी अंड्यांची निळसर टरफलं पडली होती.

मी म्हणालो, "मामा, गावाला मी सांगतो."

"गप रव," मामा म्हणाले. "तुझं नाव खराब झालं त तुझा कागद कोन वाचील? चिंच जाईल. मना काय, म्हातारा झोपला म्हनतील."

तसंच म्हणालात. झोपला म्हणालात. प्यायला म्हणालात. नाक्यावर कुणीतरी विचारलं, "काय हिरू, भुर्जी कशी लागली?"

मामा हसले. "मीठ कमी परलं रे," म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. मीही हसलो.

त्या पुनवेला पहिला नारळ दुसऱ्याच्या हातात गेला. पुढच्या प्रत्येक पुनवेला गेला. अर्ज मंजूर झाला, चिंच वाचली, आणि शाळेत तुम्ही माझा सत्कार केलात. मामा मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. तेव्हा बोलता आलं असतं ना? कागद वाचला गेला होता. झाड राहिलं होतं. मग मी कुणासाठी गप्प राहिलो? चिंचेसाठी नाही. माझ्यासाठी. दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगू. मामांनी एकदाही विचारलं नाही, कधी सांगतोस म्हणून.

चिंचेवर बगळे अजून येतात, पण पूर्वीच्या निम्मेही नाहीत. मातीचा भराव खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीपर्यंत आलाय. लांबून घर ओळखणारा माणूसही आता गेला.

जानकीमामी, बाजारात मासळीची पाटी मांडून बसलात की ते टोमणे तुम्हीही ऐकलेत. मामांनी घरी तरी खरं सांगितलं होतं का, मला ठाऊक नाही. तुम्हाला विचारायचं धाडस नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो. हिरूमामा झोपले नव्हते. प्यायले नव्हते. अंडी माझ्यामुळे गेली.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हणा. मी इथेच आहे. आता उभे राहूया. फोटोकडे नको. मामींकडे तोंड करा. आपल्या सगळ्यांचे चेहरे त्यांना नीट दिसू देत. दोन मिनिटं, कुणी मान खाली घालू नका.